स्नॅप ई अँड टी: रोजगार प्रशिक्षणावरच्या खर्चाचा निम्मा परतावा संस्थेच्या पदरात पाडून घेण्यासाठी

अमेरिकेत बेरोजगारांना स्वयंपाक, वेल्डिंग, नर्सिंग असिस्टंट, ट्रकचालक असले कौशल्याचे वर्ग चालवणाऱ्या छोट्या सेवाभावी संस्था गावोगावी आहेत. त्यांच्या संचालक मंडळावर किंवा खजिनदाराच्या खुर्चीत आता मराठी माणसंही बसलेली दिसतात. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी स्नॅपचं, म्हणजे सरकारी अन्नमदतीचं (जुन्या भाषेत फूड स्टॅम्पचं), कार्ड असतं. अशा विद्यार्थ्यांवर संस्था आपल्या बिगर-केंद्रीय पैशातून जो खर्च करते, त्यातला निम्मा केंद्र सरकार परत देऊ शकतं. त्या योजनेला स्नॅप एम्प्लॉयमेंट अँड ट्रेनिंग, थोडक्यात ई अँड टी म्हणतात, आणि निम्म्या परताव्याला '५०-५०'. हा लेख या परताव्यापुरताच आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. हे अनुदान नाही. भारतात संस्था चालवलेल्यांना आधी हप्ता मिळवून मागाहून उपयोगिता प्रमाणपत्र देण्याची सवय असते. इथे गाडं उलटं आहे. आधी खिशातून खर्च, मग कागद, मग निम्मे पैसे. आणि मागितलेल्या प्रत्येक डॉलरला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: माणूस पात्र होता का, त्या महिन्यात पात्र होता का, आणि तो डॉलर मुळात केंद्राचा नव्हता ना? नाकारलेली बिलं तपासली तर बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या प्रश्नाशी गाडी अडलेली सापडते.

पैसा कुठून येतो

ई अँड टी १९८५च्या शेती कायद्याने जन्माला आली. वरून ती चालवतं कृषी खात्याचं फूड अँड न्यूट्रिशन सर्व्हिस, म्हणजे एफएनएस. प्रत्यक्ष राबवतं राज्याचं स्नॅप खातं, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात काउंटी. संस्थेचा एफएनएसशी थेट करार कधीच होत नाही. तुमचा धनी राज्यच (किंवा काउंटी, किंवा मधली मोठी संस्था). राज्यागणिक नावंही बदलतात: वॉशिंग्टनमध्ये बीएफईटी, विस्कॉन्सिनमध्ये एफसेट, कॅलिफोर्नियात कॅलफ्रेश ई अँड टी. राज्याच्या संकेतस्थळावर 'स्नॅप ई अँड टी' शोधून काही हाती लागलं नाही तर आधी स्थानिक नाव शोधा.

केंद्राकडून पैसा तीन नळांनी येतो. पहिला, पूर्ण केंद्रीय अनुदान: २०१८च्या शेती कायद्यापासून देशभरासाठी वर्षाला १० कोटी ३९ लाख डॉलर, सूत्राने राज्यांत वाटलेले. यातला बराचसा राज्याच्या स्वतःच्या कामातच जिरतो. दुसरा, कार्यक्रम चालवण्याच्या खर्चाचा ५० टक्के परतावा. तिसरा, प्रशिक्षणार्थीला लागणाऱ्या गोष्टींवरच्या खर्चाचा ५० टक्के परतावा. यात बसचा पास, गणवेश, सेफ्टी बूट, अवजारं, परवाना परीक्षेची फी, पाळणाघर वगैरे येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळाला केंद्राने वरून टोपण लावलेलं नाही. मर्यादा येते ती राज्याच्या मंजूर आराखड्यातून आणि तुमच्या करारातल्या कमाल आकड्यातून.

वॉशिंग्टन राज्याने २००५मध्ये सिएटलमधलं एक कम्युनिटी कॉलेज आणि मूठभर संस्था घेऊन हा ५०-५०चा मार्ग सुरू केला आणि पुढे राज्यभर पसरवला. तिसऱ्या पक्षाच्या पैशावर परतावा मिळवणं कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर त्या राज्याच्या पुस्तिका वाचाव्यात, राज्य तुमचं असो वा नसो.

आधी स्वतःची परीक्षा

राज्याला फोन करण्याआधी संस्थेत बसून चार गोष्टी तपासा.

विद्यार्थ्यांपैकी किती जणांना स्नॅप मिळतं? अंदाज नको, गेल्या वर्षीच्या प्रवेश अर्जांवरून मोजा. अर्जात तो प्रश्नच नसेल तर आजच घाला. रोख मदत, म्हणजे टॅन्फ, घेणारे या हिशेबात येत नाहीत. त्यांच्यावरचा ई अँड टी खर्च मान्य होत नाही.

बिगर-केंद्रीय पैसा किती? शहर, काउंटी किंवा राज्याचा निधी, फाउंडेशनची देणगी, वैयक्तिक देणग्या, संस्थेच्या कॅफेची किंवा दुकानाची कमाई हे सगळं चालतं. डब्ल्यूआयओए (केंद्राचा रोजगार-कौशल्य निधी), पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्राची शैक्षणिक मदत) किंवा कुठलंही केंद्रीय अनुदान चालत नाही, मग ते राज्यामार्फत फिरून का आलेलं असेना. काउंटीच्या धनादेशावर काउंटीचं नाव असतं, पण पैसा बऱ्याचदा वॉशिंग्टन डीसीचा निघतो. म्हणून प्रत्येक सरकारी निधीचा उगम लेखी विचारून ठेवा. फाउंडेशनच्या देणगीपत्रात 'हा पैसा इतर कुठल्या अनुदानाचा जोडहिस्सा म्हणून वापरू नये' असं एखादं वाक्य लपलेलं नाही ना, तेही पाहा. आणि जो पैसा आधीच दुसऱ्या केंद्रीय अनुदानाचा जोडहिस्सा म्हणून दाखवला आहे, तो इथे दुसऱ्यांदा दाखवता येत नाही.

स्वयंसेवकांचे तास, फुकट मिळालेली जागा, दान आलेले संगणक यांची किंमत लावून परतावा मागता येत नाही. खासगी संस्थेला वस्तुरूप वाटा इथे धरताच येत नाही. मराठी मंडळींच्या संस्था स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे हा मुद्दा पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेला बरा: प्रत्यक्ष खात्यातून गेलेला पैसाच मोजला जातो.

चौथी गोष्ट रोकड. ऑक्टोबरचा खर्च, नोव्हेंबरच्या मध्यावर बिल, राज्याची तपासणी, त्रुटींची पूर्तता असं करत पैसे हाती पडेपर्यंत जानेवारी उजाडला तरी नवल नाही. निदान तीन महिन्यांचा पूर्ण खर्च भागेल एवढी शिल्लक किंवा बँकेची उचल हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये. परताव्याच्या आशेवर माणसं नेमायची आणि पगाराच्या दिवशी खातं कोरडं, हा प्रकार चांगल्या संस्थांनाही बुडवतो.

आमच्या मते, हिशेबाअंती वर्षाला पन्नास हजार डॉलरांपेक्षा कमी परतावा निघत असेल तर राज्याशी थेट करार करू नये. कागदपत्रांसाठी लागणारा माणूसच तो खाऊन टाकेल. त्यापेक्षा मधली संस्था शोधावी. काही राज्यांत एखादी मोठी संस्था किंवा कॉलेज अनेक छोट्यांना एका करारात घेतं आणि त्यांची बिलं, तपासणी, प्रशिक्षण सांभाळतं. थोडा वाटा त्यांना जातो, पण रात्रीची झोप शाबूत राहते.

वेळापत्रक

केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. प्रत्येक राज्याला आपला ई अँड टी आराखडा १५ ऑगस्टपर्यंत एफएनएसकडे पाठवावा लागतो, आणि त्यात प्रत्येक भागीदार संस्थेचं नाव, ती काय शिकवणार, किती जणांना आणि किती खर्चात, हे सगळं असावं लागतं. तुमचं नाव मंजूर आराखड्यात नसेल तर खर्च कितीही चोख असो, परतावा शून्य. वर्षाच्या मध्यात दुरुस्ती करून संस्था जोडता येते, पण तीही मंजूर व्हावी लागते.

म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत राज्याच्या ई अँड टी व्यवस्थापकाशी बोला, वसंतात अर्ज भरा, जूनपर्यंत अंदाजपत्रक पक्कं करा. दरम्यान सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करून यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, घेऊन ठेवा. संस्थेचं नाव, पत्ता आणि करखात्यातली नोंद एका अक्षराने जुळली नाही तरी ती नोंदणी आठवडेच्या आठवडे लटकते.

अर्जात शिकवण्याचं काम कायद्याने ठरवलेल्या घटकांत बसवून दाखवावं लागतं: देखरेखीखालचा नोकरीशोध, नोकरीशोधाचं प्रशिक्षण, कार्यानुभव, शिक्षण (यात इंग्रजीचे वर्ग, मूलभूत शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण आलं), स्वयंरोजगार, नोकरी टिकवण्यासाठीची मदत. २०१८च्या कायद्यापासून प्रत्येक प्रशिक्षणार्थीला केस मॅनेजमेंट, म्हणजे वैयक्तिक मार्गदर्शन आणि पाठपुरावा, देणं सक्तीचं आहे. सुदैवाने त्याचा खर्चही परताव्यात धरता येतो. तुमचा बारा आठवड्यांचा स्वयंपाकाचा वर्ग म्हणजे 'शिक्षण' आणि त्यातले हॉटेलातले शेवटचे तीन आठवडे म्हणजे 'कार्यानुभव', अशी फोड अर्जातच करा. नंतर हजेरीपत्रकं त्याच फोडीने मागितली जातात.

आणखी एक अडसर. जो वर्ग सगळ्यांना फुकट खुला आहे त्याची फी ई अँड टीला लावता येत नाही, आणि इतरांना लागते त्यापेक्षा जास्त रक्कम स्नॅपवाल्यांसाठी लावता येत नाही. सार्वजनिक वाचनालयातला मोफत संगणक वर्ग अचानक डोईपाचशे डॉलरांचा होऊ शकत नाही.

माणूस आणि महिना

नियम, म्हणजे केंद्रीय नियमसंहितेतलं (सीएफआर) कलम ७ सीएफआर २७३.७, सांगतो की ई अँड टीत कोण जाणार हे राज्य ठरवतं. राज्याचा कर्मचारी व्यक्तीची चाचपणी करून तिला तुमच्याकडे पाठवतो. हे झालं रेफरल. पण प्रत्यक्षात माणूस आधी तुमच्या दारात येतो. त्यासाठी उलटं रेफरल, म्हणजे रिव्हर्स रेफरल, आहे. त्याची वाट अशी ठेवा:

१. प्रवेशाच्या पहिल्याच भेटीत स्नॅपबद्दल विचारा आणि माहिती राज्याला द्यायची संमती सहीनिशी घ्या. स्नॅपची माहिती गोपनीय असते, साध्या ईमेलने यादी पाठवू नका.
२. नाव, जन्मतारीख आणि केस क्रमांक राज्याच्या पोर्टलवर टाका.
३. राज्य कळवेल: स्नॅप चालू आहे का, टॅन्फ नाही ना, ई अँड टीसाठी योग्य आहे का. होकार आला की रेफरलची तारीख मिळते.
४. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. त्याआधीचा खर्च धरू नका. वर्ग ४ तारखेला सुरू झाला आणि रेफरल १९ला आलं, तर घड्याळ १९ला सुरू होतं.
५. दर महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांची पात्रता पुन्हा तपासा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.

स्नॅप नसलेल्या पण उत्पन्नाने बसणाऱ्या विद्यार्थ्याला अर्ज करायला मदत करा. राज्याला निर्णयासाठी ३० दिवस मिळतात, अगदीच निकड असेल तर ७. हे काम वर्ग सुरू होण्याच्या महिनाभर आधी केलं तर पहिला महिना वाया जात नाही.

पाचवी पायरी सगळ्यात जास्त चुकते. स्नॅप ठरावीक मुदतीसाठी असतं, मधे अहवाल आणि शेवटी फेरतपासणी असते. एक पत्र येतं, ते जुन्या पत्त्यावर जातं, माणूस वर्गाला येतच असतो आणि इकडे केस बंद झालेली असते. प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या फेरतपासणीचा महिना एका तक्त्यात ठेवा आणि ४५ दिवस आधी त्याला आठवण करा. केस मॅनेजरच्या अर्ध्या तासाच्या कामाने संस्थेचा दोन-तीन महिन्यांचा परतावा वाचतो, आणि त्या घरचा शिधाही.

केस बंद होण्याचं कारण नोकरी लागून पगार वाढला हे असेल, तर दरवाजा पूर्ण बंद होत नाही. नोकरी टिकवण्याची मदत किमान ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवस देता येते. अट अशी की ती मदत सुरू होण्याच्या महिन्यात किंवा आदल्या महिन्यात त्याला स्नॅप मिळालेलं असावं. कामावर जायला बस, नवे बूट यांचा खर्च या काळात धरता येतो. बऱ्याच संस्था 'नोकरी लागली, फाइल बंद' करून हा पैसा सोडून देतात.

प्रशिक्षणादरम्यान संस्थाच विद्यार्थ्याला विद्यावेतन देत असेल तर सांभाळून. त्या रकमेमुळे त्याचं स्नॅप कमी किंवा बंद होऊ शकतं, आणि निर्वाहभत्ता ई अँड टीच्या परताव्यात बसत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार.

कॉलेजात अर्धवेळ किंवा जास्त शिकणाऱ्यांना एरवी स्नॅप मिळत नाही, पण ई अँड टीमार्फत तिथे पाठवलेल्यांना सूट आहे. कम्युनिटी कॉलेजबरोबर काम करणाऱ्या संस्थांनी हे कलम पाठ करून ठेवावं.

प्रशिक्षणार्थी त्या वर्गाला झेपत नाही असं तुमच्या लक्षात आलं तर राज्याला १० दिवसांत कळवायचं. सक्तीने पाठवलेला माणूस गैरहजर राहिला तरी मुदत तीच. स्वेच्छेने आलेल्याचं मात्र गैरहजेरीमुळे स्नॅप कापता येत नाही. उगाच तशी भीती घालू नका.

आकडेमोड

एक संस्था धरा. वर्षाला १०० जणांना चार-चार महिने शिकवते. कार्यक्रमाचा थेट खर्च ४,००,००० डॉलर, त्यातले ८०,००० डब्ल्यूआयओएचे. केंद्राचा हिस्सा आधी वजा करायचा, उरले ३,२०,०००.

आता स्नॅपवाल्यांचा वाटा. शंभरातले ४० जण ई अँड टीत आहेत म्हणून सरळ ४० टक्के लावले तर १,२८,००० होतात आणि परतावा ६४,०००. मंडळाच्या बैठकीत हाच आकडा सांगितला जातो, आणि तो चूक असतो. डोकी मोजायची नसतात, माणूस-महिने मोजायचे असतात. एकूण माणूस-महिने ४००. चाळीस जणांचे १६० व्हायला हवेत, पण १२ जणांचं रेफरल एक महिना उशिरा आलं आणि ६ जणांचं स्नॅप एक महिना आधी तुटलं. उरले १४२. म्हणजे ३५.५ टक्के. ३,२०,०००च्या ३५.५ टक्के १,१३,६००, आणि त्याचा निम्मा ५६,८००. रेफरलची ढिलाई आणि हरवलेली पत्रं यांची किंमत इथे ७,२०० डॉलर.

यावर अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे कार्यालय, हिशेब वगैरेंचा सामाईक खर्च, लावता येतो. वाटाघाटीने ठरलेला दर नसेल तर २ सीएफआर २००प्रमाणे डी मिनिमिस, म्हणजे सरसकट ठरवून दिलेला, दर वापरायचा. तो १ ऑक्टोबर २०२४पासून १० ऐवजी १५ टक्के झाला आहे. जुनं टेम्प्लेट वापरणाऱ्या संस्था अजून १०च लावतात. मात्र हे १५ टक्के सगळ्या खर्चावर नाहीत. जागेचं भाडं, मोठी उपकरणं आणि प्रशिक्षणार्थींसाठीचा खर्च आधी बाजूला काढावा लागतो. शिवाय हिशेबनिसाचा पगार थेट खर्चात दाखवला असेल तर त्याच कामासाठी तो अप्रत्यक्षमध्ये परत येता कामा नये.

बसपास, बूट वगैरेंना वाटणीचं सूत्र लागत नाही. ज्याला दिलं त्याच्या नावे पूर्ण रक्कम, निम्मी परत. ४० जणांना ६० डॉलरांचे तीन पास म्हणजे ७,२००, हाती ३,६००. अंदाजपत्रकात ही ओळ कार्यक्रम खर्चापासून वेगळी ठेवा, कारण राज्याला ती वेगळी दाखवावी लागते. गोष्ट प्रशिक्षणासाठी गरजेची आणि थेट संबंधित असायला हवी. जेवणखाण, दंड, जुनं शैक्षणिक कर्ज यात बसत नाही.

काही राज्ये परताव्यातला ठरावीक भाग स्वतःच्या प्रशासनासाठी ठेवतात, काही उरलेला पैसा याच कामात गुंतवण्याची अट घालतात. करारावर सही करण्याआधी दोन्ही विचारा.

हिशेबाची मांडणी

पहिल्या ऑक्टोबरच्या आधी क्विकबुक्समध्ये (किंवा जे वापरता त्यात) ई अँड टीसाठी वेगळा क्लास उघडा, डब्ल्यूआयओएसाठी वेगळा, इतरांसाठी वेगळा. तुमचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होत असलं तरी अहवाल ऑक्टोबर ते सप्टेंबरचा लागतो, तो एका कळीसरशी निघाला पाहिजे. खर्चवाटणीची पद्धत दोन पानांत लिहा, मंडळाकडून मंजूर करून घ्या आणि वर्षभर तीच पाळा. भाडं चौरस फुटांनी, वर्गाचा खर्च माणूस-महिन्यांनी, कर्मचारी प्रत्यक्ष तासांनी, असं काहीही चालेल, पण सोयीप्रमाणे दर महिन्याला बदलणारी पद्धत तपासनिसाला लगेच खटकते.

टाइमशीट ही या सगळ्या प्रकरणातली दुखरी नस. समजा केस मॅनेजरचा आठवड्याचा पगार आणि लाभ मिळून १,२०० डॉलर. ४० तासांपैकी १४ ई अँड टीचे, १० डब्ल्यूआयओएचे, १६ इतर. ई अँड टीला १४/४०, म्हणजे ४२० डॉलर, आणि परतावा २१०. सोपं आहे. पण पुढचे अकरा आठवडेही टाइमशीटवर नेमके १४-१०-१६ असेच आकडे आले, नाताळच्या आठवड्यातसुद्धा, तर तो कागद अंदाजपत्रकाची नक्कल आहे हे कोणीही ओळखेल. अंदाजावर पगार लावून नंतर ताळा न करणं नियमात बसत नाही. रोजच्या रोज भरलेलं, कर्मचारी आणि वरिष्ठ दोघांच्या सहीचं टाइमशीट हवं. शुक्रवारी पाच वाजता आठवून भरायचं नाही.

मिश्र वर्गाच्या शिक्षकाला तासांची फोड करता येत नाही, कारण २० जणांना तो एकदमच शिकवतो. तिथे वर्गातल्या ई अँड टी प्रशिक्षणार्थींचं प्रमाण लावा: २० पैकी ७ असतील तर ३५ टक्के. प्रमाण त्या महिन्याच्या पडताळलेल्या यादीवरून घ्या, जूनमध्ये केलेल्या अंदाजावरून नव्हे.

बिल पाठवताना

महिन्याच्या बिलाच्या गठ्ठ्यात काय हवं ते राज्य सांगतं, पण साधारण एवढं असतंच: पडताळलेली नावांची यादी, घटकवार हजेरी, खातेवहीचा उतारा, टाइमशीट आणि पगारपत्रक, भाड्या-वस्तूंची बिलं, प्रत्येक पासची आणि कार्डाची पोच, बिगर-केंद्रीय पैशाचं प्रमाणपत्र, आणि वाटणीचा तक्ता. बिलात नेहमी १०० टक्के खर्च दाखवा आणि निम्मा मागा. काही संस्था घाईत आधीच अर्धा करून लिहितात, मग राज्य त्याचाही अर्धा करतं. हसू येईल, पण हे घडतं.

पेट्रोल कार्ड आणि गिफ्ट कार्डांची नोंदवही वेगळी ठेवा: अनुक्रमांक, रक्कम, कोणाला, कशासाठी, तारीख, सही. समजा एकाचं स्नॅप ३१ जानेवारीला संपलं आणि ३ फेब्रुवारीला त्याला ९० डॉलरांचा पास दिला. परताव्यातले ४५ डॉलर गेले, ते सोडा. तपासनिसाने ती एक ओळ पकडली की तो त्या महिन्याच्या सगळ्याच ओळी उघडायला लागतो, आणि तुमचं चाळीस हजारांचं बिल पंचेचाळीस डॉलरांपायी अडकतं. म्हणून फेब्रुवारीची यादी हातात आल्याशिवाय फेब्रुवारीचे पास कपाटातून काढायचे नाहीत.

पाठवण्याआधी ज्याने बिल बनवलं नाही अशा माणसाकडून यादी, हजेरी आणि पास यांचा ताळा करून घ्या. तिन्हीकडे तीच नावं, तेच महिने. एवढ्या एका तपासणीत निम्म्या त्रुटी गळतात.

कराराची कमाल रक्कम ओलांडली तर वरचा खर्च तुमच्या डोक्यावर. कमी खर्च झाला तर राज्य तो वाव दुसऱ्या संस्थेला देऊ शकतं. एप्रिलच्या सुमारास आकडे पाहून दोन्हीपैकी काय होणार ते राज्याला कळवा. वेळेत सांगणाऱ्या संस्थेला वाव वाढवून मिळण्याची शक्यता जास्त.

तपासणीच्या दिवशी पैशाखेरीज आणखीही पाहिलं जातं. 'अँड जस्टिस फॉर ऑल' हे भित्तिपत्रक दर्शनी भागी हवं, कर्मचाऱ्यांचं नागरी हक्कांचं वार्षिक प्रशिक्षण झाल्याची नोंद हवी. कागद निदान तीन वर्षं जपायचे, राज्य जास्तही मागू शकतं. ऑडिटरला हा पैसा असिस्टन्स लिस्टिंग (केंद्रीय मदतनिधींची यादी) क्रमांक १०.५६१खाली येतो हे सांगा. सगळ्या केंद्रीय निधींचा मिळून वर्षाचा खर्च १० लाख डॉलर झाला तर सिंगल ऑडिट, म्हणजे केंद्रीय निधींचं एकत्रित लेखापरीक्षण, लागतं. १ ऑक्टोबर २०२४ला किंवा नंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ही मर्यादा साडेसात लाखांवरून वाढली आहे.

२०२५च्या कायद्यानंतर

४ जुलै २०२५च्या कायद्याने स्नॅपचं चित्र बदललं, आणि त्याचा थेट परिणाम तुमच्या यादीवर होतो.

अवलंबून मूल नसलेल्या सक्षम प्रौढांना ३६ महिन्यांत ३ महिनेच स्नॅप, त्यापुढे हवं असेल तर महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण, हा नियम जुनाच. तो आता ६४ वर्षांपर्यंत लागू झाला आहे. ज्यांच्या घरातलं सगळ्यात धाकटं मूल १४ वर्षांचं किंवा मोठं आहे असे पालकही त्यात आले. माजी सैनिक, बेघर आणि फॉस्टर केअरमधून (सरकारने सोपवलेल्या पालक-घरांतून) बाहेर पडलेले तरुण यांना असलेली सूट गेली. त्यामुळे ई अँड टीच्या जागांना मागणी वाढते. तुमचा वर्ग आठवड्याला बारा तासांचा असेल तर महिन्याचे ८० भरत नाहीत. वीस तासांचा केला किंवा कार्यानुभव जोडला तर भरतात. तास भरायला नुसता नोकरीशोध पुरत नाही, तो निम्म्याहून कमीच असावा लागतो. वर्गाचं वेळापत्रक आखताना हा हिशेब समोर ठेवा, नाहीतर माणूस वर्गात बसूनही स्नॅप गमावतो आणि त्याच्यासोबत तुमचा माणूस-महिनाही जातो.

निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांची पात्रता त्याच कायद्याने काढून घेतली. ग्रीन कार्ड हाती आल्यावर ते पुन्हा पात्र ठरू शकतात. निर्वासितांसाठी इंग्रजी आणि कामाचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांनी जुन्या प्रमाणावर बेतलेलं अंदाजपत्रक फेकून नव्याने मोजणी करावी.

राज्यांच्या सर्वसाधारण स्नॅप प्रशासनाचा केंद्रीय वाटा १ ऑक्टोबर २०२६पासून ५० वरून २५ टक्क्यांवर येतो. ही कपात कायद्याच्या कलम १६(ए)मधली आहे. ई अँड टीचा ५० टक्के परतावा कलम १६(एच)मध्ये वेगळा लिहिलेला आहे. पण बिलं तपासणारे आणि रेफरल देणारे कर्मचारी राज्याच्या त्याच खात्यातले. तिथे माणसं कमी झाली तर रेफरलला लागणारे आठवडे वाढतील. पुढच्या करारात पात्रता पडताळणीला राज्याने किती दिवसांत उत्तर द्यायचं याची लेखी मुदत मागून घ्या, आणि तीन महिन्यांच्या शिल्लकीचे चार करा.